शेवटच्या पानावरचं तूप

"अण्णा, तोंड उघडा बघू. एकच चमचा."

अण्णा भिसे तोंड उघडेनात. साबुदाण्याची पातळ खीर, चमचा ओठांना टेकवलेला, आणि हे गृहस्थ भिंतीकडे मान वळवून पडलेले. पाणी पीत होते. औषध घेत होते. इंजेक्शनला मुकाट दंड पुढे करीत होते. पण अन्नाचं शीत पोटात जाऊ देतील तर शपथ! तो तिसरा दिवस होता.

माझा स्वभाव मुळातच तापट. धारच्या त्या इस्पितळात माझ्या पाठीमागे मला 'मिरची सिस्टर' म्हणत, आणि ते मला ठाऊक होतं. दुसरा कुणी रोगी असता तर दोन शब्द सुनावून त्याला वाटीभर खायला लावलं असतं. पण अण्णांना हृदयाचा झटका आलेला. त्यांना बोलायची बंदी, आणि मलाही त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची परवानगी. मग काय करणार? चमचा वाटीत ठेवला, वाटी झाकली आणि बाहेर येऊन झाडूवाल्यावर उगाच खेकसले.

ही गोष्ट संस्थान विलीन होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हाची. आज हार्टचा पेशंट आला की आयसीयू, काचेवर पळणारी रेघ, टुक-टुक वाजणारी यंत्रं. आमच्याकडे काय होतं? पुरुष वॉर्डाच्या टोकाला एक कोपऱ्यातली खोली, इंदूरहून मागवलेलं ऑक्सिजनचं सिलिंडर, एक लोखंडी पलंग आणि मी. ईसीजीचं मशीनसुद्धा इंदूरला. तिथवर रोग्याला न्यायचं तर रस्ता असा, की धडधाकट माणसाचं काळीजही जागचं हलावं.

झटका म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगते. हृदय सगळ्या अंगाला रक्त पुरवतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं. ते रक्त आणणाऱ्या नळीत गाठ अडकली की हृदयाचा तेवढा भाग उपाशी राहून मरतो. कागदावर आम्ही लिहायचो 'कोरोनरी थ्रॉम्बोसिस'. मेलेला भाग भरून यायला दीड महिना लागतो आणि तोवर हृदयाला जरासुद्धा काम पडता कामा नये, अशी त्या काळची विद्या. म्हणून 'कम्प्लीट रेस्ट'. उठायचं नाही. कूससुद्धा आपली आपण बदलायची नाही. आपल्या हाताने जेवायचं नाही, सिस्टर भरवेल. बोलायचं नाही, कुणी भेटायला येणार नाही, आणि बाहेरची बातमी तर बिलकुल कानावर पडता कामा नये. तुरुंगात कैद्याला निदान शेजारच्या कैद्याशी भांडता तरी येतं.

हे हुकूम लिहिणारे डॉक्टर कानडे आमचे मोठे डॉक्टर. मुंबईला शिकलेले. हात हलका, निदान पक्कं, जीभ मात्र कडू. आमचं दोघांचं रोज एकदा तरी वाजायचं आणि तरी एकमेकांवाचून पान हलायचं नाही.

त्या दिवशी राउंडला त्यांनी अण्णांची नाडी बघितली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि मला व्हरांड्यात बोलावलं.

"खाल्लं?"

"नाही साहेब."

"मेलँकोलिया आहे हा. जगायची इच्छाच नाही माणसाला. हृदयाच्या रोग्यांचं होतं असं." डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत वाट बघू. नाही खाल्लं तर ट्यूब घालायची."

ट्यूब म्हणजे राइल्स ट्यूब. नाकातून घालून घशावाटे पोटात उतरवायची रबरी नळी, तिच्यातून दूध ओतायचं. निरोगी माणसाला घातली तरी तो ओकाऱ्या काढतो, हातपाय झाडतो, तोंड लालबुंद होतं. आणि इथे तर कूस बदलायची चोरी! शिरेतून ग्लुकोज भरपूर द्यावं तर तेवढं पाणी ते दुबळं हृदय ओढणार कसं?

"साहेब, नळी घालताना झटापट झाली तर?"

"तर जाईल," डॉक्टर म्हणाले. "आणि न घालता असाच राहिला, तरीही जाईल. जरा सावकाश, एवढंच. नाडी आत्ताच एकशे दहाच्या वर पळतेय, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दुसरं काही सुचत असेल तर सांगा."

मला काही सुचत नव्हतं. सुचत नव्हतं म्हणून संताप येत होता.

आता अण्णा कोण ते सांगायला हवं. दरबारच्या मुदपाकखान्यात, म्हणजे राजवाड्याच्या स्वयंपाकघरात, गणपतराव भिसे हे वाढप्यांचे नाईक होते. दसऱ्याची पंगत असो की राजघराण्यातलं लग्न, कोण कुठे बसेल, कुठला पदार्थ कधी फिरेल, ते अण्णा ठरवणार. संस्थान गेलं आणि मुदपाकखाना आटला. पण गावातल्या मराठी घरी कार्य निघालं की पहिलं बोलावणं गुरुजींना आणि दुसरं अण्णांना. मी स्वतः त्यांच्या हातच्या पंगतीला जेवलेली. उंच, सडपातळ माणूस, डोक्याला पांढरा रुमाल, कमरेला पंचा. आवाज चढवायचे नाहीत. नुसतं बघितलं की वाढपी पोरं वाऱ्यासारखी धावायची. अशाच एका लग्नात वाढता वाढता ते कोसळले होते, एवढंच आम्हांला माहीत होतं.

संध्याकाळी मी पुन्हा त्यांच्या खोलीत गेले. ते जागे होते. नजर छताला, आणि दोन्ही हात चादरीवर हलत होते.

रोगी अंथरूण चिवडायला लागला की जुन्या नर्सा म्हणायच्या, नातेवाइकांना बोलवा. शेवटची खूण मानतात ती. मी पाहिलेलीही होती, एकदा नव्हे, बऱ्याचदा. मी पलंगाशी उभी राहून बघत राहिले. आणि जरा वेळाने वाटलं, अगं बाई, हे चिवडणं नव्हे. चिवडण्याला काही ताल नसतो. याला होता. डावा हात पोटाशी, बोटं वाकवलेली, जणू कडी धरलीय. उजवा हात तिथवर यायचा, बुडायचा, बाहेर निघून मनगट हलकेच पालथं व्हायचं. मग दोन्ही हात वीतभर उजवीकडे. पुन्हा बुडायचा, पुन्हा पालथा. पुन्हा वीतभर पुढे. आणि चादरीच्या एका ठरावीक जागी आलं की हात थांबायचे, थरथरायचे, आणि परत पहिल्या जागी यायचे.

माणूस वाढत होता!

हुकूम गेला खड्ड्यात. मी खाली वाकून विचारलं, "अण्णा, काय वाढताय?"

हात थांबले. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"मठ्ठा," ते म्हणाले. आवाज अगदी खोल गेलेला.

"कुणाला?"

"तिसरी पंगत बसली होती बाई. जिलबी झाली, मठ्ठा फिरत होता. मी निम्म्या ओळीपर्यंत आलो..." त्यांच्या डोळ्यांच्या कडेने पाणी वाहून कानात गेलं. "पुढचं कुणी सांगत नाही. जेवून उठले का हो ते? का तसेच उठले?"

मला काय ठाऊक! त्यांचे डोळे पुसले. म्हटलं, "मी विचारून येते. तोवर हात शांत ठेवायचे. कबूल?"

त्यांनी पापण्या मिटून हो म्हटलं.

बाहेर व्हरांड्यात माई, म्हणजे अण्णांच्या पत्नी, तीन दिवस ठाण मांडून बसल्या होत्या. आत जायची बंदी म्हणून दाराकडे तोंड करून जप चालायचा. मी त्यांच्यासमोर फतकल मारून बसले.

"माई, त्या लग्नात काय झालं ते मला नीट सांगा. अथपासून इतिपर्यंत."

माई बिचकल्या. "तुम्हीच तर सांगितलंत ना बाई, बातमी म्हणून कानावर घालायची नाही?"

"त्यांच्या नका घालू. माझ्या घाला."

मग त्यांनी सांगितलं. लग्न गोपाळराव मोहित्यांच्या मुलीचं. पहिली पंगत वरपक्षाची, दुसरी गावातल्या मानकऱ्यांची. आणि तिसरी, म्हणजे शेवटची, राबणाऱ्यांची. बँडवाले, गाडीवान, पाणी भरणाऱ्या बाया, मांडव घालणारे. "ह्यांचा जीव तिसऱ्या पंगतीत," माई म्हणाल्या. "पहिल्या पंगतीला सगळेच वाढतात हो, हे म्हणायचे, वाढप्याची परीक्षा शेवटच्या पानावर. तिथे जिलबी मोडकी गेली नाही पाहिजे आणि तूप कमी पडलं नाही पाहिजे. तिसरी पंगत दुसऱ्या कुणाला वाढूच देत नसत. सगळे जेवून उठले की मग स्वतः घास घ्यायचे. आमच्या घरीसुद्धा तेच. मी आणि पोरी जेवल्याशिवाय पानावर बसायचे नाहीत. बायका हसायच्या मला, काय नवरा मिळालाय म्हणून."

"आणि ते पडल्यावर?"

माईंनी पदर तोंडाला लावला. "पडले तसे पहिले धावले ते बँडवालेच. भरल्या पानावरून उठले. नाथू गाडीवानाने उष्ट्या हाताने बैल जोडले, त्याच्याच गाडीत घालून इथे आणलं. ती माणसं इथे दारात बसून राहिली. परत गेली तेव्हा मांडवातलं सगळं आवरून झालेलं. गोपाळरावांनी शिधा दिला म्हणे त्यांना. पण बाई, पंगत उपाशीच उठली ना! आता हे त्यांना कसं सांगायचं? ऐकून पुन्हा झटका आला तर?"

मी डोक्याला हात लावला. ज्यांच्यासाठी अण्णांचा जीव तुटत होता ती माणसं त्यांच्याचसाठी उपाशी उठली होती. आणि अण्णांच्या नेमाप्रमाणे ती पंगत अजून जेवून उठलीच नव्हती, मग हे घास घेणार कसे? मरायची इच्छा वगैरे काही नव्हतं. माणसाचं काम अर्धं राहिलं होतं, आणि आम्ही दार लावून त्याला म्हणत होतो, शांत पडा.

डॉक्टर ऑफिसात होते. मी सगळं एका दमात सांगितलं.

"म्हणजे तुम्ही बोललात त्याच्याशी," डॉक्टर म्हणाले.

"बोलले."

"ऑर्डर कुणाची होती?"

"तुमची. आणि ट्यूबही तुमचीच. मला दुसरं काही सुचतंय का, असं तुम्हीच विचारलंत ना?"

डॉक्टरांनी समोरचा कागद मिटला. मग उठले. "एवढंच ना? सोपं आहे. सांगून टाकू, सगळे जेवले म्हणून."

"साहेब, ज्याने जन्मभर पंगती वाढल्या त्याला पंगतीबद्दल थाप मारायची? पकडतील ते."

"बघू तर."

गेले तरातरा. मी मागोमाग. पलंगाशी उभं राहून अगदी गोड आवाजात म्हणाले, "भिसे, ती तुमची तिसरी पंगत छान झाली बरं का. सगळे पोटभर जेवले. आता तुम्ही खा."

अण्णांचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांनी हळूच विचारलं, "मठ्ठा पुरला?"

"पुरला म्हणजे काय! उरलासुद्धा."

अण्णांनी डोळे मिटले. "भांडं माझ्या हातातून सांडलं होतं साहेब," ते म्हणाले. "शेवटचंच होतं." आणि मान भिंतीकडे वळवली.

डॉक्टरांचे कान लाल झाले. बाहेर आल्यावर बराच वेळ व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभे राहिले. मी तोंड मिटून होते. खरं सांगते, तेवढं मिटून ठेवायला मला फार कष्ट पडले.

"बोला," शेवटी ते म्हणाले. "तुमच्या मनात काहीतरी आहे. तुमच्या नाकपुड्या फुगल्या की मला कळतं."

"खोटं चालत नाही, तर खरं करू या. तिसरी पंगत पुरी करायची. इथे, कडुनिंबाखाली. तीच माणसं, तेच जेवण, आणि अण्णांना ऐकू येईल अशी."

"हे इस्पितळ आहे की धर्मशाळा?"

"तुम्ही म्हणाल ते, साहेब. पण त्या खोलीत नळी न्यायच्या आधी पान मांडून बघू."

"आणि आनंदाने हृदय थांबलं तर? तेही होतं. गलका, माणसं, जेवणाचा वास! तुम्हाला कल्पना आहे का, एक्साइटमेंट म्हणजे काय?"

"आहे. तीन दिवस बघतेय. एकशे दहाच्या वर नाडी, ती कसली, आरामाची?"

डॉक्टर शाळकरी पोरासारखा अंगठा चावत राहिले. मग अटी घातल्या. बँड वाजणार नाही. नाडीवर बोट ठेवून ते स्वतः बसणार. ठोका चुकला की पंगत बंद. आणि ट्यूबचा ट्रे उकळून, झाकून, तिथेच टेबलावर तयार राहणार.

"कबूल," मी म्हटलं, आणि युनिफॉर्मवरच मोहित्यांच्या घरी निघाले.

गोपाळराव ओसरीवर एकटेच बसलेले. लग्नघर, पण तोंडावर प्रेतकळा. मला बघून उभेच राहिले. "गेले?"

"गेले नाहीत. तुम्ही तिसऱ्या पंगतीचं काय केलंत?"

"शिधा दिला की हो सगळ्यांना. तांदूळ, डाळ, गूळ. वर दक्षिणा."

"शिधा दिलात. पान मांडलंत?"

ते मटकन बसले. "सिस्टर, तुम्हाला काय सांगू! माझ्या पोरीच्या लग्नातली पंगत उपाशी उठली आणि वाढणारा मरणाच्या दारात. रोज उठतो, अस्पतालपर्यंत येतो आणि फाटकावरून परत जातो. कुठल्या तोंडाने आत येऊ?"

"उद्या दुपारी याच तोंडाने या. जिलबी घेऊन. आणि मठ्ठा जास्तीचा आणा."

काय हवंय ते सांगितल्यावर त्या माणसाच्या अंगात वीज संचारली. मला चहासुद्धा न विचारता ते आत ओरडत गेले, आचाऱ्याला निरोप धाडा म्हणून! मला राग आला नाही. मी ती चांगली खूण समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना स्पंज करताना मी खरं तेवढं सांगून टाकलं. "अण्णा, पंगत उठली होती. तुम्हाला उचलायला उठली. आज दुपारी ती पुन्हा बसतेय, या खिडकीबाहेर. तुम्ही फक्त बघायचं. हात हलवायचा नाही, बोलायचं नाही."

"मला उचलायला उठले?" त्यांनी विचारलं.

"नाथूने उष्ट्या हाताने बैल जोडले."

अण्णांचे चादरीवरचे हात त्यानंतर हलले नाहीत.

वैशाखातली दुपार. कडुनिंबाखाली सडा मारलेला, खाकऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, पानांच्या पत्रावळी मांडलेल्या. बँडवाले लग्नातलेच लाल कोट घालून आले होते. ते पाहून वॉर्डातले रोगी खिडक्यांना लोंबकळू लागले. म्हटलं, ज्यांना चालता येतं त्यांनीही बसा, पत्रावळी पुष्कळ आहेत! माईंना बायकांच्या ओळीत मीच दंड धरून बसवलं. आम्ही चौघांनी अण्णांचा पलंग इंच-इंच सरकवत खिडकीला लावला आणि पाठीला उशी दिली. त्यांना अंगणातलं ओळीचं टोक तेवढं दिसत होतं. शेवटच्या पानावर नाथू बसला होता.

डॉक्टर एका हाताने नाडी धरून, दुसऱ्या हातात घड्याळ घेऊन बसले. टेबलावर तो ट्रे, वर पांढरं फडकं.

वाढायला स्वतः गोपाळराव. मुलीचा बाप, भरजरी उपरणं कमरेला खोचून, गाडीवानांच्या ओळीत वाकून वरण वाढत होता. मीठ आलं, लिंबू आलं, भाजी आली, भात, वरण. तुपाची तांब्याची झारी फिरायला लागली. कुणीतरी उतावीळ होऊन हात वर केला आणि "पार्वतीपते" म्हणायला तोंड उघडलं. एकदा हर हर महादेव झालं की पंगत सुरू.

"थांबा!"

मी दचकले. तो आवाज माझ्या शेजारून, पलंगावरून आला होता. डॉक्टरांच्या हातात मनगट, आणि अण्णा मान उचलून खिडकीबाहेर बघत होते. आवाज मोठा नव्हता, पण तो ओळखीचा, मुदपाकखान्यातला आवाज होता. अंगणात सगळे जागच्या जागी थिजले.

"शेवटच्या पानावर तूप नाही," अण्णा म्हणाले.

गोपाळराव झारी घेऊन धावले. नाथूच्या भातावर तुपाची धार पडली. अण्णा बघत होते. मग त्यांनी मान उशीवर टेकली, आणि नुसत्या पापण्यांनी परवानगी दिली. "हर हर महादेव!" इस्पितळाच्या भिंती दणाणल्या.

मी डॉक्टरांकडे बघितलं. ते घड्याळाकडे बघत होते, ओठ हलत होते. मोजून झालं. पुन्हा मोजलं.

"साहेब?"

"अठ्ठ्याऐंशी," ते म्हणाले. "रेग्युलर." आणि घड्याळ कानाला लावून बघितलं, बंद तर पडलं नाही ना म्हणून!

जिलबी फिरली. मठ्ठा दोनदा फिरला. नाथूच्या पानाशी आला तेव्हा अण्णांचा उजवा हात किंचित पालथा झाला, तेवढाच. पंगत उठली. हात धुऊन नाथू खिडकीशी आला, पोटावरून हात फिरवत आपल्या माळवीत म्हणाला, "अण्णा साब, धापी ग्या! पेट भरी ग्यो. अब तम बी जीमो."

अण्णा हसले. मी भराभर वाटीत मऊ वरणभात कालवला, वर चमचाभर तूप, आणि घास पुढे केला. त्यांनी तोंड उघडलं.

आणि परत मिटलं!

"आता काय?" माझा आवाज चढलाच.

"माई?"

"जेवल्या. मी बसवलं होतं."

"आणि तुम्ही?"

मी वाटी खाली घेतली. सकाळपासून चहाशिवाय पोटात काही नव्हतं. अण्णांनी मान डॉक्टरांकडे वळवली. "साहेबांचं जेवण झालं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. "भिसे, माझं होईल नंतर," ते म्हणाले.

अण्णा नुसते बघत राहिले. वाढपी पोरं ज्या बघण्याने धावायची, ते बघणं.

"सिस्टर, जिलबी आणा," डॉक्टर म्हणाले.

मुंबईला शिकलेले आमचे मोठे डॉक्टर उजव्या हाताने जिलबी खात होते आणि डावा हात नाडीवर होता. मी उभ्या-उभ्याच खाल्ली. मला रडू येत होतं आणि हसूही, त्यामुळे ठसका लागला. मग अण्णांनी घास घेतला. सावकाश चावला, गिळला. दुसरा घेतला. वाटी संपली. "मीठ किंचित कमी आहे," एवढंच म्हणाले, आणि माझ्यादेखत झोपी गेले. पार दिवेलागणीपर्यंत.

डॉक्टरांनी जाताना टेबलावरचा ट्रे स्वतः उचलून नेला.

त्या दिवसापासून अण्णांचं ताट वॉर्डातल्या सगळ्यांच्या शेवटी यायचं. दाराशी जाऊन मी रोज मोठ्याने सांगायची, "अण्णा, पंगत उठली!" मग ते जेवायचे. माईंना रोज आत सोडायला लागलो. दीड महिना काढून अण्णा आपल्या पायांनी घरी गेले. गाडी अर्थात नाथूची होती. पुढे बरीच वर्षं ते लग्नांत खुर्ची टाकून, ओळीच्या शेवटच्या टोकाला बसलेले दिसायचे.

डॉक्टर कानड्यांनी मला शाबासकी वगैरे दिली नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हता, आणि दिली असती तर मीच बिचकले असते. पण पुढच्या वेळी बागलीकडचा एक मास्तर छातीत कळ येऊन दाखल झाला, तेव्हा मी ऑर्डरी वाचल्या. उठणं बंद. बोलणं कमी. दर तासाला नाडी. आणि त्याखाली, त्यांच्या त्या किरट्या अक्षरात, एक नवी ओळ होती: 'काय अर्धं राहिलंय ते सिस्टरने आधी विचारून घ्यावे.'

मी नोकरी संपेपर्यंत विचारत राहिले. शिकाऊ नर्सा मला विचारायच्या, हार्टच्या पेशंटचं सगळ्यांत महत्त्वाचं काय? मी सांगायची, औषध वेळेवर द्या, नाडी स्वतः मोजा, आणि शेवटच्या पानावर तूप पडलंय का ते बघा. त्या बिचाऱ्या तेही लिहून घ्यायच्या.